स्लायडिंग खिडकीतून पावसाचं पाणी आत येतंय? माझा अनुभव
बडोद्यातलं आमचं घर, पश्चिमेची बेडरूम. जोराचा पाऊस आला की खिडकीचा खालचा ट्रॅक भरायचा आणि पाणी थेट गादीपर्यंत. बाहेरून दोनदा सिलिकॉन मारलं, छज्जा वाढवला. दोन पावसाळे वैतागात गेले.

दोष सिलिकॉनचाच निघाला! ट्रॅकमधलं पाणी बाहेर जायची भोकं त्यानंच बुजली होती. आधी दोन्ही पल्ले वर उचलून, खालची कड आत ओढून काढले. ट्रॅकमधली माती ब्रशनं झाडली. भोकांवरचं सिलिकॉन कटरनं खरवडलं, मग तार फिरवली. तांब्याभर पाणी ओतून पाहिलं; थोडं साचलं, पुन्हा तार. सगळं बाहेर गेल्यावरच पल्ले बसवले. सिलिकॉन आता फक्त भिंत आणि फ्रेमच्या फटीत.

स्वयंपाकघराला मात्र बिजागरीचे पल्ले घेतले. फोडणीच्या धुराला पूर्ण खिडकी लागते, दोन पल्ल्यांची स्लायडिंग अर्धीच उघडते.