म्हैसमाळ आणि गौताळा: दोन दिवसांत नीट पाहायचे तर

मराठवाड्यात थंड हवेचे ठिकाण म्हटले की म्हैसमाळचेच नाव निघते. समुद्रसपाटीपासून उंची 1067 मीटर, छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादमार्गे अंतर सुमारे 40 किलोमीटर. पण एका दुपारी जाऊन कणीस खाऊन परत येण्यात या डोंगररांगेचा निम्माही भाग दिसत नाही. म्हैसमाळला गौताळा औट्रमघाट अभयारण्य जोडा आणि दोन दिवस काढा.

निघण्याआधी एक गोष्ट ठरवा: पाणी बघायचे आहे की जनावरे? दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. जुलै ते सप्टेंबर धबधबे वाहतात आणि तळी भरतात, पण गवत कमरेएवढे वाढलेले असते. ओढ्याओढ्याला पाणी असल्यामुळे जनावरे पांगतात आणि समोर नीलगाय उभी असली तरी दिसत नाही. हे पानगळीचे जंगल आहे. फेब्रुवारीपासून साग, सालई, धावडा यांची पाने झडतात, नजर लांबवर पोचते आणि मार्च ते मे उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर जनावरांना यावेच लागते. मुले बरोबर असतील तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा काळ निवडा. तळी भरलेली असतात आणि चिखल कमी झालेला असतो.

पहिला दिवस म्हैसमाळचा. संभाजीनगरहून सकाळी सहाला निघा. श्रावणात शुक्रवारची रात्र आणि शनिवारची सकाळ टाळा. भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्या भाविकांनी खुलताबादचा रस्ता भरलेला असतो आणि त्या गर्दीत गाडी घालणे बरे नाही. श्रावणी सोमवारी घृष्णेश्वरामुळे वेरूळला तीच स्थिती असते. पेट्रोल खुलताबादलाच भरून घ्या. पुढे म्हैसमाळ साधारण 12 किलोमीटर आहे. खुलताबादपर्यंत एसटी भरपूर आहेत, वर जायला मात्र स्वतःचे वाहन किंवा ठरवलेली जीप बरी.

पावसाळ्यात पठारावर धुके इतके दाट उतरते की पुढच्या गाडीचे दिवेही उशिरा दिसतात. अशा वेळी हाय बीम लावला तर उजेड धुक्यावरून परत डोळ्यांवर येतो. लो बीम ठेवा, पिवळे फॉग लॅम्प असतील तर तेही लावा. उतरताना दुसरा गिअर सोडू नका. न्यूट्रलमध्ये गाडी सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पकड सुटते.

वर गिरिजामातेचे मंदिर, बालाजी मंदिर, तलाव आणि दरीच्या कडेच्या जागा एवढे पाहायला तीन तास पुरतात. कड्याच्या टोकावर ओले शेवाळ असते, त्यामुळे फोटोसाठी काठावर जाऊ नका. तळ्यात पोहायला उतरू नका. काठाशी पाणी उथळ दिसते, पण तळाला गाळ असतो आणि पाय रुतला की पोहणाराही अडकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतरलात तर दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावर सीताफळे घ्या. या भागातले सीताफळ खरोखर चांगले असते. दुपारी वेरूळची लेणी जमतील, फक्त मंगळवारी ती बंद असतात. मुक्काम वेरूळला किंवा कन्नडला करा. कन्नडला केलात तर दुसऱ्या दिवशीची पहाट हाताशी लागते.

दुसरा दिवस गौताळ्याचा. गौताळा औट्रमघाट 1986 साली अभयारण्य झाले. क्षेत्र सुमारे 260 चौरस किलोमीटर, विस्तार कन्नड आणि चाळीसगाव या दोन तालुक्यांत. बिबट्या, अस्वल, नीलगाय, चिंकारा, भेकर, रानडुक्कर, वानर हे इथले रहिवासी. 2021 च्या मार्चमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला एक वाघही इथे पोचला. म्हणजे मधल्या तुटक जंगलांतून अजून वाट शिल्लक आहे.

फाटकावर नाव नोंदवून, शुल्क भरून पावती घ्या. सुटे पैसे जवळ ठेवा, कारण रेंज नसली की ऑनलाइन पैसे जात नाहीत. नकाशाही आदल्या रात्रीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. सूर्योदयाला फाटकावर हजर असणे हीच खरी युक्ती आहे, कारण नऊनंतर जनावरे सावलीला जातात. गौताळा तलावावर थेट काठावर जाऊन बसू नका. वारा तुमच्या तोंडावर येईल अशा बाजूला, झाडाआड बसा. वारा पाठीमागून असेल तर तुमचा वास आधी पोचतो आणि जनावर पाण्यावर येतच नाही. 8×42 ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि 42 मिलिमीटर भिंगाची, दुर्बीण पुरते. हिवाळ्यात वारकरी आणि टिबुकली हे पाणपक्षी, पाणकावळे आणि स्थलांतर करून आलेली बदके तलावावर दिसतात. कपडे मातकट रंगाचे, बूट घोट्याच्या वर येणारे असावेत. दगडांखाली फुरसे हा विषारी साप असतो, बसण्याआधी जागा काठीने तपासा.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडतात आणि ती खायला अस्वले पहाटे व संध्याकाळी झाडाखाली येतात. अस्वलाची नजर अधू असते. माणूस अगदी जवळ आल्यावर ते दचकते आणि पळण्याऐवजी अंगावर येते. त्या दिवसांत मोहाच्या झाडांकडे एकट्याने जाऊ नका आणि वनरक्षकाला विचारल्याशिवाय पायवाट सोडू नका. वानरांना बिस्किटे तर अजिबात टाकू नका. ती रस्त्यावर बसायला शिकतात आणि गाडीखाली मरतात.

पितळखोरे लेणी याच अभयारण्यात आहेत, पण कन्नड-चाळीसगाव महामार्गाच्या दुसऱ्या, पश्चिमेच्या बाजूला. गौताळ्याहून आतल्या आत जाता येईल असे धरून चालू नका, कन्नडकडे येऊन वेगळा रस्ता धरा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरुवात झालेली ही बौद्ध लेणी देशातल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी आहेत. खडक ठिसूळ, त्यात पाणी मुरते, म्हणून बरीच लेणी ढासळली आहेत. कठड्यापलीकडे जाऊ नका. घळीत पायऱ्या उतरून ओढ्यापाशी जावे लागते. वर डोंगरात पाऊस पडला की इथे ऊन असतानाही ओढा अचानक फुगतो. पाणी गढूळ झाले, त्यात काटक्या-पाने वाहत आली, की लगेच वर या. अशा घळींत आग्या मोहोळ असते, म्हणून अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिन्ही वर्ज्य. उन्हाळ्यात माणशी तीन लिटर पाणी बरोबर घ्या, चढून येताना ते लागतेच.

पावसाळ्यात चाळीसगावकडे उतरायचे असेल तर आधी कन्नडमध्ये घाटाची चौकशी करा. 2021 च्या ऑगस्टअखेरच्या अतिवृष्टीत या घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. अभयारण्याचे फाटक मात्र सूर्यास्तापूर्वी ओलांडायचेच, म्हणून तिथे परतीची वेळ अर्धा तास आधीची धरा.