इतिहासाचा प्रश्न नेमका कसा बांधावा

प्रश्नमंजूषेसाठी इतिहासाचा प्रश्न लिहिताना उत्तराइतकेच प्रश्नातील प्रत्येक विशेषणही तपासावे. ‘पहिला’ या शब्दाकडे तर विशेष संशयाने पाहावे. ‘पहिला भारतीय चित्रपट कोणता?’ असे विचारून ‘राजा हरिश्चंद्र’ हे एकच उत्तर ग्राह्य धरले, तर दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी, म्हणजे जवळपास वर्षभर आधी, मुंबईत दाखवला गेला होता, असा आक्षेप येणारच, आणि तो निराधार नाही. त्यावर, ते रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण होते, असे प्रत्युत्तर दिले जाते. हा वाद स्पर्धेच्या मंचावर मिटत नाही. म्हणून ‘३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेला दादासाहेब फाळके यांचा चित्रपट कोणता?’ असाच प्रश्न बांधावा.

‘पानिपतची लढाई’ म्हणताना १५२६, १५५६ की १७६१, हे सांगावे. १८५७ साली झाले ते ‘बंड’ की ‘स्वातंत्र्यसमर’, याचा निवाडा प्रश्नकर्त्याने शब्दांच्या आडून करू नये. ‘उठाव’ हा शब्द तेथे पुरेसा आहे. तरीही आक्षेप आलाच, तर दोन्ही बाजूंकडे आधार मागावा, आणि दोन्ही उत्तरे टिकत असतील तर गुणलेखकाच्या कपाळावर आठ्या पडल्या तरी दोघांनाही गुण द्यावेत.