जांभ्याच्या भिंतीवर पीव्हीसीच्या पट्ट्या की लाकडी फळ्या?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात जून ते सप्टेंबरदरम्यान सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याची झड मुख्यतः नैर्ऋत्येकडून येते. म्हणून भिंतीला बाहेरून आच्छादन करताना आधी घराची तीच बाजू पाहावी. तिथे पीव्हीसीच्या पट्ट्या बऱ्या, कारण त्यांना वाळवी लागत नाही आणि रंगही द्यावा लागत नाही. मात्र उन्हात त्या प्रसरण पावतात, त्यामुळे खिळा पट्टीच्या कडेला दिलेल्या लांबट भोकाच्या मध्यावर आणि किंचित सैल ठोकावा. घट्ट ठोकलेली पट्टी फुगून वाकते. पडवीखालच्या, झड न पोहोचणाऱ्या भिंतीला जुन्या सागाच्या फळ्याच शोभतात, अर्थात दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तेलाचा हात देण्याची तयारी असेल तर. दोन्हींच्या मागे हवा खेळेल एवढी फट सोडावी, आणि खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंडी खिळे गंजत असल्याने ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच खिळे घ्यावेत.