गिटारमधून सिंथ काढायचा तर पैसे आधी फिल्टरवर घाला

बडोद्यात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची म्हणजे नऊ रात्री त्याच तीन-चार कॉर्डवर हात चालवायचा. मुखड्यानंतरचा लीड, मधले शहनाई-बासरीचे तुकडे, एवढंच काय, बेससुद्धा कीबोर्डवाला खातो. त्यामुळे इथल्या पोरांना गिटारमधून सिंथ, म्हणजे सिंथेसायझरचा आवाज, काढायची फार हौस. श्रावण लागला की दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कोणी ना कोणी येतंच: ‘काका, सिंथचं पेडल कुठलं घेऊ?’ पेडल म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये लावायची, आवाज बदलणारी, पायाने चालवायची पेटी. माझं उत्तर ठरलेलं आहे. सिंथ असं लिहिलेलं पेडल आत्ता घेऊ नकोस. फिल्टर घे, मग पुढचं बघू.

सिंथच्या आत काय चालतं ते आधी समजून घ्या. ऑसिलेटर एक भरगच्च, एकसारखी लहर सोडत राहतो. फिल्टर तिचा वरचा भाग कापतो. आणि पट्टी दाबल्यावर फिल्टर किती उघडायचा, आवाज कसा चढायचा-उतरायचा, हे एन्व्हलप ठरवतो. 1970 च्या मिनीमूग या सिंथमध्ये हीच मांडणी होती. गिटारच्या तारेत यातलं काहीच तयार मिळत नाही. आधी पिकचा (तार छेडायच्या चकतीचा) टक्‌ आवाज, मग उतरत जाणारा सूर. पेडलांनी तीन कामं करायची: लहर सपाट करायची, खाली मंद्र सप्तक जोडायचं आणि त्यावर फिल्टर हलवायचा. पहिली दोन कामं स्वस्तातली पेडलंही बऱ्यापैकी करतात. तिसऱ्यात मात्र स्वस्त आणि चांगलं यांतला फरक लगेच ऐकू येतो.

लहर सपाट करायला फझ, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारं पेडल. ओव्हरड्राइव्हने, म्हणजे त्याच्या सौम्य भावंडाने, भागत नाही, त्यात पिकची धार शिल्लक राहते. बिग मफ घ्या किंवा त्याची एखादी बरी नक्कल. सूर लांबतो आणि लहरीची दोन्ही टोकं इतकी छाटली जातात की ती जवळजवळ चौकोनी होते. चौकोनी लहरीत फक्त विषम हार्मोनिक्स (मूळ सुराच्या 3, 5, 7 पट कंपनांचे उपसूर) असतात, म्हणून आवाज पोकळ आणि नाकातला लागतो. वरचं सप्तक हवं असेल तर ऑक्टेव्ह-अप फझ. ऑक्टेव्हिया 1967 ची, आणि युक्ती तीच आजही: लहरीचा खालचा अर्धा भाग उलटून वर आणायचा, की कंपनं दुप्पट. बेहरिंगरचं एसएफ300 हे प्लॅस्टिकचं खोकं या जातीतलं स्वस्तातलं. पायाखाली किती टिकेल सांगता येत नाही, पण आवाज झकास. असलं फझ वाजवताना नेक पिकअप (तारेची कंपनं पकडणारा, गळ्याजवळचा) लावा, गिटारचा टोन शून्यावर आणा आणि बाराव्या पडद्याच्या वर वाजवा. सप्तक तिथेच स्वच्छ उमटतं.

खालच्या सप्तकाला बॉसचं ओसी-2. ते 1982 चं आहे, आता जुन्या बाजारातच मिळतं. त्याच्या आतलं सर्किट तुमच्या सुराची कंपनं मोजून दोनाने भागतं, म्हणून एका वेळी एकच सूर. दुसरी तार नुसती गुणगुणली तरी ते गोंधळतं आणि गुरगुरायला लागतं. डायरेक्ट लेव्हल (मूळ सूर) शून्य, ऑक्टेव्ह-1 (एक सप्तक खाली) पूर्ण: एवढ्यावरच तयार सिंथ-बेस निघतो. पहिल्यांदा ग्राउंडवर साउंडचेकला हे लावलं तेव्हा आमचा कीबोर्डवाला मान वळवून म्हणाला, ‘आ शूं वगाडे छे?’ (हे काय वाजवतोय?) जाड ई तारेवर मात्र जाऊ नका. ती मोकळी 82 हर्ट्‌झची, एक सप्तक खाली 41, दोन खाली साधारण 20. सराव खोलीतल्या छोट्या अँपला 41 सुद्धा झेपत नाही, 20 तर कानालाच जेमतेम कळतं. चौथ्या तारेचा सातवा पडदा घ्या: 220 हर्ट्‌झचा सूर, खाली 110. तिथे पेडल सूरही घट्ट पकडतं आणि बेसही भरीव. एमएक्सआरचं ब्लू बॉक्स दोन सप्तकं खाली जातं आणि वर फझही देतं. ते तुटक, वेडंवाकडं वाजतं, म्हणून मला आवडतं, पण आरतीला नको.

आता फिल्टर. एन्व्हलप फिल्टर तुमच्या पिकच्या जोरावर उघडतो. 1972 च्या म्यू-ट्रॉन थ्रीपासून आजच्या क्यू-ट्रॉनपर्यंत तत्त्व तेच. लो-पास मोड (वरचा भाग कापणारा) लावा, पीक, म्हणजे फिल्टरची धार, पाऊणभर. गेन मात्र कानाने लावायचा: हळू सूर अर्धवट उघडला पाहिजे, जोराचा पूर्ण. जोर लावो न लावो, प्रत्येक सूर सारखाच उघडत असेल तर गेन जास्त झालाय. दिशेचं बटण डाउनवर टाकून बघा. फिल्टर आधी उघडा असतो आणि सूर लागताच बंद होत जातो; ऑक्टेव्हबरोबर हे फार जमतं.

इथे एक पेच आहे, आणि बहुतेक पोरं इथेच अडकतात. फिल्टर फझच्या नंतर लावला तर कापायला भरपूर हार्मोनिक्स मिळतात, पण फझने हळू-जोराचा फरक आधीच पुसलेला असतो, मग फिल्टर हलेल कशावर? आधी लावला तर हलतो छान, पण पुढचं फझ ती हालचाल चेपून टाकतं. क्यू-ट्रॉन प्लसमध्ये याचा तोडगा आहे. मागे इफेक्ट्स लूप असतो, म्हणजे दुसरं पेडल मध्येच जोडायची सोय, त्यात फझ लावायचं. एन्व्हलप तुमचा स्वच्छ हात ऐकतो आणि फिल्टर मात्र फझचा आवाज कापतो. माझं मत विचाराल तर दोन स्वस्त पेडलं घेण्याऐवजी हे एक घ्या. बॉब मूगचं एमएफ-101 हे फिल्टर पेडल मिळालं तर प्रश्नच नाही, पण ते आता बनत नाही आणि जुन्याचा भाव ऐकून घाम फुटतो. लूप नसेल तर फझ आधी ठेवा, त्याचा गेन निम्म्यावर आणा, आणि हाताचा जोर शिल्लक राहतो का बघा.

बाकी शेवटी आवाज हलता आणि जाड करायला एखादा फेझर किंवा कोरस. रोलंडच्या जुनो-60 या सिंथमध्ये प्रत्येक सुराला एकच ऑसिलेटर होता. तो भरदार वाजायचा त्यातल्या बीबीडी (आवाज किंचित उशिरा सोडणारी चिप) कोरसमुळे. ॲनलॉग कोरस पेडलांत त्याच जातीच्या चिप असतात. क्रम: गिटार, ऑक्टेव्ह, फझ, फिल्टर, कोरस. पिकचा टक्‌ घालवायला वेगळं पेडल नको, करंगळीने गिटारचा व्हॉल्यूम चढवा.

हे सगळं एकाच पेटीत हवं असेल तर इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं मायक्रो सिंथेसायझर. दहा स्लायडर: खालचं सप्तक, वरचं सप्तक, चौकोनी लहर, अटॅक, फिल्टरची सुरुवात आणि शेवट, सगळं. पण फिल्टर कसा वागतो हे हाताला कळल्यावरच ते घ्या, नाहीतर दहा स्लायडरांत दिवस जातील. आणि त्याचा अ‍ॅडॉप्टर 24 व्होल्टचा. तो चुकून बोर्डावरच्या 9 व्होल्टच्या पेडलात घुसवलात तर पेडल गेलंच समजा; त्याच्या वायरला लाल टेप गुंडाळून ठेवा.

कॉर्ड वाजवायच्या असतील तर ॲनलॉगच्या मागे लागू नका. बॉस एसवाय-1 सारखं डिजिटल घ्या, त्यात लाज कसली.

गरब्याच्या ग्राउंडवर आणखी एक भानगड. एलईडी लाइट आणि जनरेटर यांच्यामुळे सिंगल-कॉइल (एका गुंडाळीचा) पिकअप गुणगुणतो, फझ ती गुणगुण शंभरपट करतं आणि गाणं थांबलं की फिल्टर त्यावरच उघडझाप करतो. हंबकर, म्हणजे ती गुणगुण मारणारा दोन गुंडाळ्यांचा पिकअप, असलेली गिटार न्या, आणि दोन गाण्यांच्या मध्ये फझ पायाने बंद करायची सवय ठेवा.

दुकानात पेडल बघायला जाताना गिटार स्वतःची न्या. तिथली गिटार, तिथला मोठा अँप, सगळंच गोड लागतं. चौथ्या तारेचा सातवा पडदा धरा, एकदा हळू, एकदा जोरात वाजवा, आणि त्या दोन सुरांत फिल्टर वेगळा बोलला नाही तर पेडल परत ठेवा.