ऑफिसच्या कामाला ट्रेनने जाताना सायकल सोबत कशी न्यायची

आधी सरळच सांगतो, स्टेशनपासून कामाची जागा एक-दीड किलोमीटरवर असेल तर सायकल घरीच ठेवा आणि चालत जा. एवढ्याशा अंतरासाठी ती जिन्यावरून चढवायची, बॅगेत कोंबायची, डब्यात सांभाळायची, हा नुसता व्याप. पण तीन ते आठ-दहा किलोमीटर असेल, किंवा दोन दिवसांत चार ठिकाणी फिरायचं असेल, तर मात्र मजा आहे, कारण आरामात ताशी १५ च्या वेगाने गेलात तरी पाच किलोमीटर वीस मिनिटांत होतात आणि रिक्षा-टॅक्सीची वाट बघत बसावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, तिकीट काढायच्या आधी सायकलचा नियम बघा, नंतर नाही. बऱ्याच ठिकाणी सायकलचं बुकिंग आपल्या तिकिटापेक्षा वेगळं असतं, जागा मोजक्या असतात, आणि गर्दीच्या वेळी अख्खी सायकल आत घेऊच देत नाहीत. घडी घातलेली किंवा बॅगेत बांधलेली सायकल मात्र बहुतेकदा सामानात धरतात. जपानमध्ये तर अशा बॅगेत घालून नेण्याला रिंको असं वेगळं नावच आहे. गाडी बदलायची असेल तर प्रत्येक गाडीचा नियम वेगळा बघा, आणि मधला टप्पा ट्रेनऐवजी बसने करायला लावतायत का तेही बघा, कारण ट्रेनमध्ये चाललेली सायकल बसवाला घेईलच असं नाही.

कामाच्या ट्रिपला माझं मत फोल्डिंगच्या बाजूने. ब्रॉम्प्टन कंपनीच्या फोल्डिंगसारखी १६ इंची चाकांची सायकल घडी घातल्यावर साधारण ५८ बाय ५६ बाय २७ सेंटीमीटर होते, म्हणजे मोठ्या सुटकेसएवढी, आणि घडीत चेन दोन चाकांच्या मधे जाते त्यामुळे शेजारच्याच्या पॅंटला काळं लागत नाही. २० इंची चाकांच्या सायकली चालवायला जास्त बऱ्या पण घडी मोठी होते. गाडी बदलायची असेल तर छोटी घ्या, एकच सरळ गाडी असेल आणि पलीकडे रस्ता लांब असेल तर मोठी.

फोल्डिंग नाहीये, साधी गियरची सायकल आहे? तीही जाते, फक्त घरी दोन-तीनदा घड्याळ लावून बांधून बघा, फलाटावर पहिल्यांदा प्रयोग करू नका प्लीज. सगळ्यात आधी मागचा गियर सगळ्यात लहान चक्रावर आणा म्हणजे चेन सैल पडते आणि मागचं चाक पटकन निघतं. दोन्ही चाकं काढून फ्रेमच्या दोन्ही बाजूंना वेल्क्रोच्या पट्टीने बांधा, हँडल आडवं फिरवा, सीट खाली. चेन उजवीकडे असते, तर बॅग ठेवताना ती बाजू दुसऱ्या सामानाला टेकू देऊ नका, नाहीतर डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, वाकतो आणि मग गियर दिवसभर कुरकुरत राहतात. पेडल काढायची असतील तर लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सोपी युक्ती म्हणजे पाना वरच्या दिशेला उभा धरायचा आणि मागच्या चाकाकडे ढकलायचा, दोन्ही बाजूंना तसंच सैल होतं.

आणि डिस्क ब्रेकवाल्यांनी हे दोनदा वाचा. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेक पॅडच्या मधे प्लास्टिकचा तुकडा किंवा घडी घातलेला पुठ्ठा घालाच. मी नाही घातला, बॅगेत ब्रेकचा लिव्हर कशानेतरी दाबला गेला, उतरल्यावर बघतो तर पॅड एकमेकांना चिकटलेले आणि चाक आत जाईना. फलाटावर उकिडवा बसून टायर काढायच्या पट्टीने हळूहळू पॅड मागे सारले, इस्त्रीच्या शर्टाचं काय झालं ते विचारू नका, आणि मीटिंगला पंचवीस मिनिटं उशीर. ट्रेनसाठी टायरची हवा काढायची मात्र काही गरज नाही.

डब्यात दाराच्या वाटेत उभी करू नका. शेवटच्या सीटच्या मागे किंवा सामानाच्या जागेत ठेवा, एका पट्टीने दांड्याला बांधा म्हणजे ब्रेक लागल्यावर कोणाच्या पायावर पडणार नाही. लांबच्या प्रवासात बारीक केबल लॉकही लावा, झोप लागते माणसाला. दोन मिनिटं आधी उठून दाराशी या, आपल्या बाजूला फलाट येतोय की पलीकडे ते आधीच बघून ठेवा, कारण सायकल घेऊन गर्दीतून आडवं जाणं म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खाणं.

लॅपटॉप सायकलच्या बॅगेत कधीच नाही, तो कायम स्वतःजवळ. कपडे मागच्या कॅरियरच्या पिशवीत गुंडाळून, पाठीवर सॅक घेतली की उन्हाळ्यात शर्टाचा पाठीकडचा भाग ओला होतोच, म्हणून चालवताना साधा टीशर्ट आणि पोचल्यावर बदला. पॅंट चेनमध्ये अडकू नये म्हणून उजव्या पायाला पॅंटची पट्टी. ओला टॉवेल किंवा वाइप्स, एक जादा ट्यूब, पंप, ॲलन कीचा संच, एवढं पुरतं. काढलेले नट-ॲक्सल एका झिपवाल्या छोट्या पिशवीत, आणि ती पिशवी फ्रेमलाच बांधा, खिशात ठेवली की हरवलीच समजा.

जिथे जाताय तिथल्या ऑफिसला आणि हॉटेलला आदल्या दिवशी फोन करून विचारा, सायकल आत ठेवता येईल का. "फोल्डिंग आहे, बॅगेतच राहील" असं सांगितलं की बहुतेक वेळा हो म्हणतात, गेटवर जाऊन हुज्जत घालण्यापेक्षा हे बरं. इलेक्ट्रिक सायकल असेल तर बॅटरीबद्दल रेल्वेचा नियम वेगळा विचारा, शिवाय तिचं वजन वीस किलोच्या पुढे जाऊ शकतं, जिना चढताना बॅटरी काढून सॅकमध्ये टाका.

परतीला आपण दमलेले असतो आणि बांधायला दुप्पट वेळ लागतो, तर गाडीच्या अर्धा तास आधी स्टेशनवर या. पावसात भिजली असेल तर बॅगेत घालायच्या आधी निदान चेन आणि रिम पुसा, आणि घरी पोचल्यावर कितीही झोप आली तरी बॅग उघडी टाकून चेनला तेल द्या, सकाळी गंज बघण्यापेक्षा ती पाच मिनिटं परवडतात.