अंगणात मांजरांसाठी जाळीचे घर: नागपुरात आधी सावली, मग जाळी

मांजराला बाहेरची हवा मिळावी, पण वाहने आणि मोकाट कुत्री यांच्यापासून ते सुरक्षित राहावे, यासाठी अंगणात जाळीचे बंदिस्त घर बांधता येते. बहुतेक जण जाळीपासून विचार सुरू करतात. नागपुरात मात्र तो मे महिन्यातल्या दुपारपासून सुरू करावा. पारा 45 अंशांवर जातो तेव्हा मांजराला घाम जवळजवळ फक्त पंजांच्या गादीतून येत असल्यामुळे त्याचे अंग लवकर तापते, आणि तोंड उघडून धापा टाकू लागलेले मांजर संकटात आहे असे समजून त्याला ताबडतोब गार जागी हलवून पशुवैद्याकडे न्यावे लागते.

जागा शक्यतो घराच्या पूर्वेला निवडावी, कारण भिंतीची सावली दुपारनंतर तिथेच पडते. उत्तरेच्या भिंतीवर विसंबू नये. मेच्या शेवटच्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य नागपूरच्या थेट डोक्यावर येतो आणि भिंतीची सावली नाहीशी होते. म्हणून छत हवेच. नुसता पत्रा तापून आतली हवा भाजून काढतो, त्यामुळे छताला जाळी लावून तिच्यावर फूटभर अंतराने हिरवी शेडनेट ताणावी आणि पावसासाठी एका कोपऱ्यावरच पत्रा टाकावा. हे घर खिडकीने किंवा लहान झडपेने मुख्य घराशी जोडलेले असावे, आणि मांजर बाहेर असेपर्यंत ती परतीची वाट कधीही बंद करू नये. उन्हाळ्यात सकाळी नऊपर्यंत आणि सूर्यास्तानंतरच त्याला बाहेर सोडावे.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यात नुसते रोवलेले खांब एका वर्षात कलतात. तिथे माती काढून मुरूम ठोकून भरावा आणि त्यावर विटांचे दोन फुटी जोते बांधून त्यात लोखंडी चौकोनी पाइप बसवावेत. या जोत्यामुळे कुत्र्यांना खालून उकरता येत नाही, आणि भटक्या मांजरांशी नाकाला नाक लागून सर्दीचे आजार पसरण्याची शक्यताही कमी होते. लसीकरण तरीही पूर्ण असावेच. लाकडी खांब मातीला टेकवू नयेत, त्यांना वाळवी लागते.

जाळी गॅल्वनाइज्ड वेल्डेड, 14 गेजची, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर तारेची घ्यावी. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी कुत्र्याच्या धक्क्याने वाकते, तर कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी मांजर कुरतडते. एक इंची चौकोनातून उंदीर आणि लहान साप आत येतात, म्हणून खालच्या तीन फुटांत अर्धा इंची जाळी लावावी. वेल्डिंग केलेल्या जागी जस्ताचा थर जळतो. तिथे झिंकचा रंग दिला नाही तर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. आमचा बोका छताच्या कोपऱ्यातल्या फटीतून निसटला होता, आणि ती फट मला नगण्य वाटली होती! जिथून डोके जाते तिथून मांजराचे बाकीचे अंगही बहुधा जाते, हे लक्षात ठेवून प्रत्येक सांधा हाताने चाचपून पाहावा.

दार एकच असेल तर मांजर पायांतून सटकते. तीन बाय तीन फुटांची मधली खोली ठेवून दोन दारे करावीत, दोन्ही दारे आतल्या बाजूला उघडावीत आणि कडी दोन्ही बाजूंनी लागावी.

आत उंच फळ्या आणि मातीचे पसरट पाणीभांडे ठेवावे, कुंडीत गहू पेरावा. लिली मात्र अंगणातही नको, कारण तिच्या परागांनीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कण्हेरही विषारी आहे. फरशी फिनाईलने पुसू नये, ते पंजांवरून चाटण्यात जाते. संक्रांतीनंतर छतावर अडकलेला मांजा काढून टाकावा, कारण तो गिळला गेला तर आतडे कापतो.