दुसरं तिकीट, तरी ट्रॅफिक स्कूल मिळालं

कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०२३ मध्ये मला वेगाचं तिकीट (पोलिसांची दंडाची पावती) मिळालं. ताशी ६५ मैलांच्या हद्दीत ८२. रस्ता मोकळा होता, पण चूक माझीच. दंडापेक्षा धास्ती होती ती पॉइंटची, म्हणजे गुन्ह्याबद्दल लायसन्सवर पडणाऱ्या गुणाची, कारण तो तीन वर्षं रेकॉर्डवर राहतो आणि इन्शुरन्सचा हप्ता वाढतो. ट्रॅफिक स्कूल, म्हणजे वाहतूक नियमांचा छोटा कोर्स, केलं की तो पॉइंट इन्शुरन्स कंपनीला दिसत नाही.

पण ही सवलत १८ महिन्यांत एकदाच मिळते, आणि माझा आधीचा कोर्स जुलै २०२२ मध्ये संपला होता. म्हणजे सोळाच महिने! दंड भरून गप्प बसायचं ठरवलं होतं. मग जुनं पिवळं तिकीट फाइलमधून काढलं. त्यावर तारीख होती मार्च २०२२. नियम नीट वाचला, तर महिने मोजायचे ते आधीच्या गुन्ह्याच्या तारखेपासून नव्या गुन्ह्याच्या तारखेपर्यंत. कोर्स कधी संपला याचा संबंधच नाही. वीस महिने झाले होते!

बाकी अटीतही मी बसत होतो: खासगी गाडी, चालू लायसन्स, एकाच पॉइंटचा गुन्हा, हद्दीपेक्षा २५ मैलांहून जास्त वेग नाही, दारूचा संबंध नाही.

कोर्टाच्या खिडकीवर दोन्ही तारखा दाखवल्या आणि विनंती मान्य झाली. दंड मात्र पूर्ण भरावाच लागतो, वर कोर्टाची फी आणि शाळेची वेगळी. शाळा डीएमव्हीच्या (लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या) यादीतलीच निवडा. कोर्स मुदतीच्या आठवडाभर आधी संपवला. जुनं तिकीट फेकलं नव्हतं, म्हणून निभावलं.